माळ्यावरचे नऊशे चाळीस डबे

माझ्या काकांच्या कंपनीची किंमत मी एका वाक्यानं खाली आणली. वाक्य पाच शब्दांचं होतं आणि ते बोलायला मी अकरा वर्षं थांबले होते. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं शहाणी माणसं सांगतात. त्यांनी कधी घेतलेला नसावा. मला समाधान मिळालं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

काका म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ. दोघे पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून महाडला आले आणि पेठेत त्यांनी रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान टाकलं. पुढं घाऊक विक्री वाढली तेव्हा दुकानाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. निम्मे शेअर काकांचे, निम्मे बाबांचे. काम मात्र निम्मं-निम्मं नव्हतं. काका गादीवर बसत, बँकेत जात, इस्त्रीचे पांढरे कपडे घालत. बाबा गोदामात असत. लग्नकार्यात दोघे शेजारी उभे राहिले तरी टर्पेंटाइनचा वास एकट्या बाबांच्या अंगालाच यायचा.

महाडच्या पेठेत ज्याचं गोदाम आहे त्याला माळा लागतोच. मिरग लागायच्या आत खालचा सगळा माल वर चढवायचा, कारण सावित्री आणि गांधारी एकदम फुगल्या की पेठेत कमरेएवढं पाणी येतं, कधी डोक्यावरूनही जातं. गणपती झाले की माल पुन्हा खाली. पण खाली उतरतो तो पुढ्यातला. भिंतीला टेकलेला जुना माल तिथंच राहतो, पुढच्या मिरगाला त्याच्यापुढं आणखी नवा रचला जातो, आणि गिऱ्हाइकाला जातो तो हा पुढचाच. मागचे डबे भिंतीशी म्हातारे होत बसतात. याला कोणाचा आळस म्हणता येणार नाही. पाण्याच्या भीतीनं पेठेला लागलेली ही सवय आहे, आणि ती सगळ्या गोदामांत सारखीच आहे.

बाबा मात्र एक काम जास्तीचं करायचे. नवा माल चढवायच्या आधी ते भिंतीजवळच्या प्रत्येक जुन्या डब्याचं बूड फडक्यानं पुसायचे, कारण पत्र्याचा डबा गंजतो तो बुडापासून. पुसून झालं की लाल रेडऑक्साइडमध्ये बोट बुडवून बुडाला एक ठिपका टेकवायचे. एक पावसाळा, एक ठिपका. कुठला डबा किती वर्षं पडून आहे हे त्यांना वहीत बघावं लागत नसे. घरीसुद्धा त्यांची हीच भाषा होती. गणितात माझी दांडी उडाली आणि दहावीला परत बसायची वेळ आली तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले, "पडला गो तुला पण एक ठिपका." आई हसली. मी ताटावरून उठून गेले. तीच मी आज लोकांचे हिशेब लिहून पोट भरते.

काकांनी डब्याचं बूड आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

मी बारावीला होते तेव्हा काकांनी वेगळं व्हायचं ठरवलं. बाबांचे शेअर तेच विकत घेणार होते. शेअरची किंमत काढायची तर आधी गोदामातला माल किती रुपयांचा आहे ते ठरवावं लागतं, आणि तेही काकांनीच ठरवलं. चालू मालात त्यांनी जुन्या खरेदीचे स्वस्त भाव मिसळले आणि सगळ्याची सरासरी काढून भाव खाली आणला. माळ्यावर भिंतीला ऑइलपेंटचे नऊशे चाळीस डबे होते. ते त्यांनी डब्याला दहा रुपये, म्हणजे नुसत्या पत्र्याच्या भावानं धरले. यादीत त्यांच्या हातची ओळ आहे: 'माळ्यावरील जुना माल, नग ९४०, निरुपयोगी, भंगार भावाने.' शेजारी त्यांची सही, इंग्रजीत, खाली दोन रेघा मारलेली.

बाबा एकदाच बोलले. "दादा, यातला निम्मा माल अजून चांगला हाय."

"अरे, तुझा माझ्यावर इश्वास नाय काय?" काका म्हणाले. गावचं बोलणं काकांनी केव्हाच सोडलं होतं. बाबांकडून काही हवं असलं की तेवढ्यापुरतं ते परत यायचं.

सही मार्चमधल्या एका सकाळी वकिलाच्या ऑफिसात झाली. त्या दिवशी चवदार तळ्यावर लोक जमले होते, गाड्या गावाबाहेर अडवलेल्या. बाबा सकाळी गेलेले ते दिवेलागणीला घरी आले. गर्दीत अडकले असणार असं आम्ही धरून चाललो. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट निळं झालं होतं. आईनं ते पाहिलं आणि तिचा तोल गेला. "सही येते ना तुमाला? का आंगठेबहाद्दरावानी बोट टेकवून आलात?" बाबा हात धुवायला मोरीकडं गेले. कागदावर शाईचं बोट उठवून घेतात हे आम्हाला माहीत होतं, तेवढ्यावर तो विषय संपला. आईनं रॉकेलच्या बोळ्यानं ते बोट खसाखसा पुसलं. डाग दोन दिवस राहिला.

जे पैसे मिळाले त्यात बाबांनी पोलादपूरला, आंबेनळी घाटाकडं रस्ता फुटतो तिथं, एक गाळा घेतला. खिळे, बिजागऱ्या, चुना, ब्रश. माझ्या बापानं पंचवीस वर्षं ज्या कंपनीत घाम गाळला तिचा निम्मा हिस्सा म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. काका त्याच वर्षी नवी गाडी घेऊन आमच्या गाळ्यावरून महाबळेश्वरला गेले. हॉर्न वाजवला. बाबांनी हात वर केला. मी केला नाही.

पुढं कॉमर्सला गेल्यावर एका दुपारी सरांनी फळ्यावर शिल्लक मालाची किंमत काढायच्या पद्धती लिहिल्या. मुलं पेंगत होती. मी जागी होते. आमच्या घरी आई तांदळाच्या डब्यात नवा तांदूळ वरून ओतते आणि शिजवायलाही वरचाच काढते, तळाला गेल्या सालचा तसाच पडून. आता वर्षअखेर डब्यात उरलेल्या तांदळाची किंमत काय? जुना आधी खाल्ला असं धरलं, तर उरलेला सगळा नवा, आजच्या चढ्या भावाचा. याला फिफो म्हणतात. सगळा एकत्र मिसळला असं धरलं, तर मधला भाव, म्हणजे सरासरी. डबा तोच, तांदूळ तोच, किंमती दोन. आणि भाव चढत असले की उरलेल्या मालाची किंमत जितकी जास्त धराल तितकी विकलेल्या मालाची किंमत कमी दिसते, म्हणजे नफा जास्त दिसतो, आणि नफा जास्त दिसला की कंपनी विकत घेणारा जास्त पैसे मोजतो. सरांनी शेवटी हेही सांगितलं की कुठलीही पद्धत लावा, माल विकून जेवढं हातात येईल त्याहून जास्त किंमत त्याला लावता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी वहीत दोनदा लिहून घेतलं.

त्या तासाला मला कळलं की बाबांच्या तोंडाला पानं कशी पुसली गेली. गाळ्यावर येऊन मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते खिळे निवडत होते. "व्हय गो," एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग आला. माझा बाप भोळा आहे, आपल्यावर काय झालं हे त्याला अजून कळलेलं नाही, असं माझं मत झालं आणि पुढची कितीतरी वर्षं तेच राहिलं.

मी शिकले, महाड-पोलादपूरच्या दुकानदारांचे हिशेब आणि रिटर्न भरायला लागले. काकांच्या दारात पाऊल टाकलं नाही. मग गेल्या वर्षी मार्च उजाडता उजाडता त्यांचाच फोन आला. पुण्याची एक मोठी कंपनी कोकणातले घाऊक विक्रेते विकत घेत होती, आणि काकांची कंपनी घ्यायला तयार होती. वर्षाच्या नफ्याच्या सहापट किंमत ठरत होती. काकांचा हिशेबनीस नेमका नोकरी सोडून गेला होता.

"तू घरचीच," काका म्हणाले. "बाहेरच्याला आत कशाला घेऊ? आणि घरच्या माणसाला फी तरी कसली द्यायची." हे ते विनोद म्हणून म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांनी मला महाबळेश्वरच्या रस्त्यावरच्या हॉटेलाचा फोटो दाखवला. कंपनीचे पैसे आले की ते घ्यायचं होतं, बयाणा आधीच देऊन ठेवला होता. बाबा कसे आहेत हे त्यांनी विचारलं नाही. मी हो म्हटलं.

चार दिवसांत मला सगळं दिसलं. आजवर कंपनीत सरासरीची पद्धत होती, कारण भाव खाली ठेवला की नफा आणि कर दोन्ही कमी. विकायच्या वर्षी काकांनी ती बदलून फिफो केली होती. आता कॉम्प्युटर शिल्लक राहिलेला प्रत्येक डबा सगळ्यात ताज्या खरेदीचा धरत होता, आठशे रुपयांचा. कॉम्प्युटरला डब्याचं वय कळत नाही. त्याच्या यादीत माळ्यावरचे ते जुने डबेही होते, अकरा वर्षं न विकलेले. बाबांना हिस्सा देताना दहा रुपयांचा असलेला डबा पुणेकरांना विकताना आठशेचा झाला होता. नऊशेच्या वर डबे, प्रत्येकावर सातशे नव्वद रुपये जास्त, ते सगळे थेट नफ्यात, आणि त्या नफ्याची सहापट. चव्वेचाळीस लाखांच्या आसपास निव्वळ हवा.

मी माळ्यावर चढून पाहिलं. झुरळांनी खाल्लेल्या कागदांच्या जागी डब्यांना नवी लेबलं चिकटवली होती. बाजूनं डबे चकाचक. पुढच्या दोन रांगा खरोखरच ताज्या मालाच्या, त्यांच्या मागं हे म्हातारे. मी एक डबा उचलून उलटा केला. लाल ठिपके जसेच्या तसे होते. मी तो सुलटा करून जागेवर ठेवला आणि खाली उतरून हात धुतले.

काकांना मी सांगितलं नाही असं कोणी म्हणू नये. मी कागदावर लिहून दिलं की माळ्यावरच्या जुन्या मालाला हा भाव लावता येणार नाही, विकून येईल तेवढीच किंमत धरावी लागेल. त्यांनी तो कागद वाचला, घडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेवला. "तुला मत विचारलं का मी? तू बेरीज कर."

मी तिथून उठून जाऊ शकले असते. सज्जन बाईनं तेच केलं असतं. मी राहिले, आणि अगदी बिनचूक बेरीज केली.

मार्चअखेरीला पुण्याहून मालाची मोजणी करायला बाई आल्या. चाळिशीच्या, पायात बूट, केस आवळून बांधलेले, बोलणं कमी. काकांनी त्यांच्यासाठी पंखा लावला, कैरीचं पन्हं मागवलं. बाई पन्हं तसंच ठेवून शिडी चढून माळ्यावर गेल्या. मागोमाग काका, त्यांच्यामागं यादी घेऊन मी. बाईंनी पुढच्या रांगेतले दोन डबे उघडून घेतले. रंग उत्तम निघाला.

"हा सगळा माल याच वर्षातला आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळा ताजा," काका म्हणाले. "आमच्याकडं फिफो आहे ना मॅडम. जुनं काही थांबतच नाही."

त्यांनी हे वाक्य बोलावं म्हणून मी नवस बोलले असते तरी ते इतकं नेटकं झालं नसतं. बाई यादीवर खूण करायला पेन उघडत होत्या. मी मागच्या रांगेकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "जरा डबा उलटा करून बघा."

बाईंनी पेन बंद केलं. वाकून मागचा एक डबा ओढला आणि उलटा केला. बुडावर एका ओळीत सहा लाल ठिपके आणि त्यांच्या शेवटी एक निळा. त्यांनी दुसरा डबा काढला. पाच लाल, एक निळा. तिसरा, चौथा. प्रत्येकाच्या शेवटी निळा होताच.

"हे काय आहे?"

"रंगाच्या कंपनीचे शिक्के असतात तसले," काका घाईनं म्हणाले.

"कंपनीचे नाहीत," मी म्हणाले. "माझ्या वडिलांच्या बोटाचे आहेत. डबा माळ्यावर पडून राहिला की दर पावसाळ्याला एक. वडील अकरा वर्षांपूर्वी इथून गेले. त्यानंतर ठिपका लावायला कोणी नव्हतं."

बाईंनी तो सहा ठिपक्यांचा डबा उघडायला सांगितला. झाकण निघालं. आत रंगाची वडी झाली होती. बाईंनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, ते आत गेलं नाही. "आणि हा निळा कशाचा?" त्यांनी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. लाल रंग संपला असेल, असं मी सांगितलं.

मग मी पिशवीतून कागद काढला. आईनं रेशनकार्डाच्या फाइलीत जपून ठेवलेली ती वाटणीची यादी. काकांच्या हातची ओळ, 'निरुपयोगी, भंगार भावाने', आणि दोन रेघांची सही. बाईंनी कागद वाचला, काकांकडं पाहिलं, पुन्हा कागद वाचला. माळ्यावर उकडत होतं आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला पाठीवर घाम फुटला होता. मी तो डोळे भरून पाहिला. बाबांच्या पाठीवर मी तसाच घाम पंचवीस वेळा तरी पाहिला असेल, पण तेव्हा काका खाली पंख्यात बसलेले असायचे.

संध्याकाळपर्यंत एकेक डबा उलटा झाला. ठिपक्यांचे नऊशे एकतीस निघाले, नऊ गंजून फुटले होते. बाईंनी त्यांना भाव लावला डब्याला दहा रुपये, आणि शेजारी कारण लिहिलं: विक्रेत्याच्या स्वतःच्या लेखी मूल्यांकनानुसार. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. एकदा एक डबा खोटा निघाल्यावर पुणेकरांनी बाकीच्या मालाचीही पद्धत परत सरासरीवर आणली, पाच वर्षांचे नफे नव्यानं काढले, आणि सहापटीचे चारपट झाले. काकांना नाही म्हणता येईना, कारण हॉटेलाच्या बयाण्याची मुदत जवळ आली होती. शेवटी कंपनी त्यांच्या अपेक्षेच्या निम्म्याला गेली. तेवढ्यात हॉटेल बसेना, बयाणा तर बुडालाच.

त्या संध्याकाळी बाई गेल्यावर काका शिडीपाशी माझी वाट बघत उभे होते. त्यांचं शहरी बोलणं पार गळून पडलं होतं. "घरच्या मान्साचा गळा कापलास तू."

"भाव तुमचाच हाय, काका," मीही त्यांच्याच बोलीत म्हणाले. "बाबांना जो लावलात तोच. एक पैसा कमी केला नाय."

मी चपला घातल्या आणि स्टँडवर आले. पोलादपूरची गाडी लागलेलीच होती. रस्त्यातले खड्डे जाणवले नाहीत की भूक लागली नाही, कुठल्या खिडकीपाशी बसले तेही आठवत नाही. तोंडात मात्र गोड चव होती, हे आठवतं.

बाबा गाळा बंद करायच्या तयारीत होते. मी आत जाऊन पोत्यावर बसले आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. नवी लेबलं, आठशेचा भाव, पुण्याच्या बाई, पन्हं, रंगाची वडी. ते बिजागऱ्यांचे खोके एकावर एक लावत ऐकत होते, नेहमीसारखेच, कोणा तिऱ्हाइताची हकिगत ऐकावी तसे. आपण एवढं केलं आणि या माणसाला त्याचं काहीच नाही, म्हणून मी चिडायच्या बेतात होते.

"आणि निळा?" बाबांनी विचारलं. "निळा दिसला काय त्यास्नी?"

"दिसला. कशाचा होता तो?" मी विचारलं.

"सही सकाळी झाली," ते म्हणाले. "गोदामाची चावी सांजच्याला द्यायची व्हती. मधला दिस माझाच व्हता. दारांचा निळा ऑइलपेंट खाली उघडा व्हता, तोच घेतला. लाल लावला असता तर वाटलं असतं, आणखी एक पावसाळा."

आईनं रॉकेलनं घासलेलं ते बोट मला आठवलं. दोन दिवस न गेलेला डाग आठवला, आणि चवदार तळ्याची गर्दीही आठवली, जिच्यात बाबा कधी अडकलेच नव्हते.

"सगळ्या डब्यांना?" मी विचारलं.

"नऊशे चाळीस. एक पण सोडला नाय. त्यानं भंगार म्हणून लिवले तेच डबे हे, येवढं कळायला नको?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू तवा बारावीला. दुसऱ्या दिवशी जाऊन भांडली असतीस, आन् त्यानं पुसून टाकले असते." त्यांनी शेवटचा खोका जागेवर ठेवला आणि शटरची सळई हातात घेतली. "मला वाटलं व्हतं वर्षा-दोन वर्षांत कोण तरी उलटा करंल. लईच टाइम लागला."

ते शटर ओढायला बाहेर गेले आणि मी पोत्यावर तशीच बसून राहिले. ती अकरा वर्षं मी एकटीच थांबले आहे, असं मी समजत होते.